काळी नदीच्या काठाने सायकलवरून

गेल्या काही वर्षांपासून नाताळच्या सुमारास आमच्या जोयडा भागात एका नव्या जातीचे प्रवासी दिसू लागले आहेत. डोक्यावर शिरस्त्राण, पाठीशी लहानशी पिशवी आणि खाली अशी चकचकीत सायकल, की तिची किंमत ऐकून आपल्या शेतकऱ्याला बैलजोडीच आठवावी! कोणी बेळगावहून येतो, कोणी हुबळीहून, कोणी गोव्याहून. गणेशगुडीच्या टपरीवर ते चहा घेतात, छायाचित्रे काढतात आणि पुढे जातात. त्यांना पाहून आपली मुले हसतात. कारण आपल्याकडे सायकल म्हणजे गरिबीची खूण. दारी मोटारसायकल आली की सायकल गोठ्याच्या आढ्याला टांगली जाते.

वाचकहो, मुलांच्या ह्या हसण्याला माझी हरकत नाही. परंतु हसून झाल्यावर त्यांनी ती सायकल आढ्यावरून खाली काढावी, तिला तेलपाणी करावे आणि आपली काळी नदी एकदा तरी उगमाकडून मुखापर्यंत पाहून यावी, असे मला मनापासून वाटते. ज्या नदीचे पाणी आपण पितो, जिच्या पाण्यावर आपल्या घरातला दिवा लागतो, ती आपल्यापैकी कितीजणांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली आहे?

काळीचा उगम दिग्गी गावाजवळचा. दिग्गी म्हणजे जोयडा तालुक्याच्या पश्चिमेचे, गोव्याच्या सीमेलगतचे, सह्याद्रीच्या माथ्यावरील डोंगराळ गाव. तेथून समुद्र फार दूर नाही. पाण्याने सरळ पश्चिमेची वाट धरली असती तर प्रवास लवकर संपला असता. पण काळी तसे करीत नाही. ती समुद्राकडे पाठ फिरवते, पूर्वेकडे निघते, सुप्याजवळ पांढरी नदीला आपल्यात सामावून घेते, दांडेलीपर्यंत जाते. तेथून दक्षिणेस वळून, खोल दऱ्यांतून घाट उतरत, अखेर पश्चिमेस कारवारला सागराला मिळते. एकंदर १८४ किलोमीटरांचा हा प्रवास, आणि आश्चर्य असे की उगम व मुख दोन्ही एकाच उत्तर कन्नड जिल्ह्यात. मोटारीतून जाणाऱ्याला हा वळसा कळत नाही. सायकलस्वाराला मात्र तो पोटऱ्यांत कळतो.

वाट कशी धरावी ते सांगतो. लोंढा जंक्शनवर उतरून रामनगर गाठावे. तेथून जगलबेटवरून गणेशगुडी, मग जोयडा, कुंभारवाडा, अणशी, घाट उतरून कद्रा आणि शेवटी कारवार. हा मुख्य रस्ता. गणेशगुडीहून दांडेलीला एक फाटा जातो, जोयड्याहून दिग्गीच्या बाजूला दुसरा. घाई न करता हे सर्व करावयाचे तर चार दिवस हवेत. तीन दिवसांत उरकणारेही असतात. पण मग पाहण्यापेक्षा पायडल मारणेच अधिक होते.

रामनगरात मात्र थोडे थांबा, कारण ह्या सफरीची खरी सुरुवात तेथे आहे. गणेशगुडीचे सुपा धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले. उंची १०१ मीटर. त्याच्या मागे जे पाणी पसरले आहे, ते पहाटेच्या धुक्यात किती सुंदर दिसते हे मी काय सांगावे! डोंगरांची शिखरे बेटांसारखी वर उरली आहेत, आणि सूर्य वर आला की साऱ्या पाण्याचा रंग क्षणाक्षणाला पालटतो. त्या पाण्याखाली सुपा गाव आहे. तालुक्याचे ठाणे होते ते. बाजार होता, कचेरी होती, देवस्थाने होती. तालुक्याचे नावही सुपाच होते. गाव बुडाल्यावर ठाणे जोयड्याला आले आणि पुढे नावही बदलले. तेथल्या विस्थापितांची वसाहत ती रामनगर. ज्यांच्या भाताच्या खाचरांवर आज अथांग पाणी उभे आहे, त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरच्या बाया उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मी पाहिल्या आहेत. तेव्हा सरोवर पाहण्याआधी रामनगरच्या एखाद्या म्हाताऱ्याच्या ओसरीवर घटकाभर बसावे. तो सांगेल कोणाचे घर कोठे होते, नदीला उतार कोठे होता, फणस कोणाच्या परसात होता. हे ऐकून मग धरणाकडे निघालेला मुलगा त्या पाण्याकडे निराळ्या नजरेने पाहतो. मोटार त्या ओसरीसमोर थांबत नाही. सायकल थांबते, कारण सायकलस्वाराला तहान लागलेली असते.

गणेशगुडीच्या खाली धरणातून सोडलेल्या पाण्यावर रबरी होड्यांचा खेळ चालतो. त्यात आपल्या गावचीही काही मुले पोटाला लागली आहेत, ह्याचा मला आनंद आहे. पुढे दांडेली. तेथला कागद कारखाना १९५५ साली स्थापन झाला आणि त्याच्या पाठोपाठ कितीतरी मराठी व कोकणी कुटुंबे त्या गावी स्थायिक झाली. आपल्या वाचकांपैकी अनेकांचे मामा-काका तेथे असतील. मुक्कामाची चिंता नको. दांडेलीच्या खाली अंबिकानगरपर्यंत जाता येते. पुढे नागझरीच्या वीजगृहाकडे नदी अशा दरीत उतरते की सायकलस्वाराने तेथे तिचा निरोप घ्यावा आणि माघारी येऊन अणशीच्या वाटेने तिला पुन्हा कद्र्याला गाठावे.

अणशीचा घाट हा ह्या सफरीचा मुकुटमणी. दोन्ही अंगांना दाट रान, मध्येच झऱ्याचा आवाज, आणि वळणावळणाला खाली खाली जाणारा रस्ता. आपल्या साध्या, सळईच्या ब्रेकच्या सायकलींसाठी मात्र इशारा देतो: ब्रेक सतत दाबून धरू नयेत, रबर झिजते आणि ऐन वळणावर दगा देते. दर दोन-तीन वळणांनंतर उतरावे, चाकाला हात लावून पाहावा, पाणी प्यावे. चढावर सायकल हाताने ढकलण्यात कसलाही कमीपणा नाही. रानात गवा असतो, हत्ती असतात. सायकलीचा आवाज होत नाही, म्हणून गव्याला आपली चाहूल लागत नाही आणि तो बिथरतो. तेव्हा आंधळ्या वळणावर घंटी वाजवावी. सूर्यास्तानंतर ह्या रस्त्यावर कोणी राहू नये. मुख्य रस्ता सोडून रानातील वाटांनी शिरायचे असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. पावसाळ्यात दरडी कोसळतात, म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच काळ चांगला.

आता मुलांच्या हसण्याविषयी. इटलीत कोमो सरोवराच्या वर एका डोंगरावर पवित्र मरियेचे एक लहानसे देऊळ आहे, गिसाल्लोच्या मातेचे. पोप बारावे पायस ह्यांनी १९४९ मध्ये तिला सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. त्या देवळाच्या भिंतींवर मेणबत्त्यांच्या जोडीने नामांकित खेळाडूंच्या सायकली टांगलेल्या आहेत, आणि रस्त्यावर प्राण गमावलेल्यांच्या स्मरणार्थ एक दिवा अखंड तेवत असतो. तेथे जीनो बार्ताली ह्याचीही सायकल आहे. फ्रान्सची प्रसिद्ध शर्यत त्याने १९३८ मध्ये जिंकली आणि दहा वर्षांनी, १९४८ मध्ये, पुन्हा जिंकली. पण मला त्याचे नाव घ्यावेसे वाटते ते ह्या दोन तारखांच्या मधल्या काळासाठी. १९४३-४४ मध्ये इटलीत ज्यू लोकांची धरपकड चालू होती. फ्लॉरेन्सचे कार्डिनल दाल्ला कोस्ता ह्यांच्या विनंतीवरून हा माणूस सरावाच्या निमित्ताने फ्लॉरेन्सहून असिसीला सायकलने जाई आणि सायकलीच्या पोकळ नळ्यांत बनावट ओळखपत्रांचे कागद लपवून नेई-आणी. त्या कागदांनी माणसे वाचली. तो हे कोणाला फारसे सांगतही नसे. त्याच्या मृत्यूनंतर, २०१३ मध्ये, ज्यू लोकांनी त्याचा राष्ट्रांमधील नीतिमान म्हणून गौरव केला. सायकल ही गरिबीची खूण म्हणणाऱ्यांनी त्या नळ्यांचा विचार करावा.

आणि आपल्याकडे तरी काय? जुन्या पिढीचे मिशनरी आणि धर्मशिक्षक पायगाडीनेच गावोगाव फिरले. मागच्या कॅरियरवर मिस्साचे साहित्य, पुढे कंदील.

दिग्गीचा फाटा मी शेवटी ठेवला आहे, कारण तो सर्वांत कठीण आणि माझ्या मते सर्वांत आवश्यक आहे. हा सारा परिसर वाघांच्या राखीव रानाला लागून आहे. २००७ मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचेच नाव मिळाले. रानातील कुटुंबांनी स्वखुशीने बाहेर यावे म्हणून सरकार प्रत्येक कुटुंबाला पैसे देते. २०२१ पासून ही रक्कम १५ लाख रुपये आहे. कोणी घेऊन गेले, कोणी नाही म्हणाले. त्यांना दोष देणारा मी कोण? ज्या गावी पावसाळ्यात आजाऱ्याला दवाखान्यापर्यंत नेणे हीच एक परीक्षा असते, तेथल्या बापाने मुलांसाठी रक्कम घेतली तर ते समजण्याजोगे आहे. आणि पूर्वजांची जमीन सोडवत नाही म्हणून जो राहिला, त्याचेही समजण्याजोगे आहे. पण शहरी सायकलस्वार ज्या वाटेला 'रम्य' म्हणतो, तीच वाट तेथल्या मुलाला शाळेसाठी रोज तुडवावी लागते, हे आपल्या तरुणांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. तेथील कुणबी बांधव परसात करांदे, कणगी, सुरण अशी नाना कंद पिकवितात. जोयड्याला त्यांचा मेळाही भरतो. पाहुण्याला उकडलेला कंद आणि मीठ-मिरची मिळाल्यावाचून राहत नाही. त्याचे पैसे द्यावेत; ते नको म्हणतील, तरी मुलांच्या वह्यांसाठी म्हणून ठेवून यावेत. बरोबर नेलेला प्लास्टिकचा एकही कागद मागे टाकू नये. पुढे हेच पाणी आपण सर्व पितो.

कारवारला पोचल्यावर सदाशिवगडच्या बाजूला पुलावर उभे राहून नदीचे मुख पाहावे. तेथील जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ रोजी रात्री कोसळला. एक मालमोटार खाली गेली, चालक सुदैवाने वाचला. आता नव्या पुलावरून वाहतूक चालते, आणि ती अवजड असते. सायकली हातात धरून कडेने एकामागून एक चालावे.

येत्या नाताळनंतर आमच्या धर्मग्रामातील काही मुलांना घेऊन निघण्याचा विचार आहे. मुलींनाही येऊ द्यावे, अशी आयांना विनंती. दोन बहिणी सिस्टर बरोबर असतील. सायकल जुनी चालेल, टायर मात्र जुना नको. पंप एक पुरे. पंक्चरचे सोल्यूशन, रबराचे तुकडे आणि पाना प्रत्येकाकडे असावा. चादर, शिरस्त्राण, पाण्याच्या दोन बाटल्या, तांदळाची भाकरी व सुकी चटणी पहिल्या दिवसापुरती. पहाटेची मिस्सा आटोपताच निघू, म्हणजे ऊन चढण्यापूर्वी रामनगरच्या ओसरीवर पोचता येईल.