काचेतल्या समुद्राचा सूर्य

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने दिव्यांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. मी भूगोल विषय घेऊन तृतीय वर्षाला आहे. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच संपला. परंतु गेल्या वर्षभरात घरातल्या एका दिव्याने मला जेवढे शिकवले, तेवढे एखाद्या क्रमिक पुस्तकानेही शिकवले नसेल. त्या शिकण्यात माझ्या हातून एक चूक घडली. तीही सांगणार आहे, कारण तिच्यावाचून हा विषय समजणार नाही.

आमचे शेंद्रा गाव छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मांगीरबाबांच्या यात्रेसाठी ओळखले जाणारे हे गाव आता औद्योगिक वसाहतीमुळे अधिक ओळखले जाते. मुंबईचा समुद्र येथून रस्त्याने साडेतीनशे किलोमीटर. असे असूनही आमच्या घरात समुद्र आहे! मी मामांकडे राहते. मामा येथल्याच एका कारखान्यात देखभाल विभागात आहेत. शाळेच्या सहलीत त्यांनी मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले आणि तेव्हापासून खाऱ्या पाण्यातील माशांचे वेड त्यांच्या डोक्यात शिरले. आज बैठकीच्या खोलीत तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची पेटी आहे. तिच्यात सुमारे १९० लिटर पाणी मावते. बोअरचे जड पाणी येथे चालत नाही, आर. ओ.चे पाणी घेऊन त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात कृत्रिम समुद्री मीठ विरघळवावे लागते. पेटीत कृत्रिम सच्छिद्र दगड, दोन विदूषक मासे आणि एक समुद्रपुष्प आहे. दुकानदार याला ॲनिमोन म्हणतात. पुण्याच्या एका हौशी गृहस्थांच्या पेटीत एका समुद्रपुष्पाचे आपोआप दोन भाग झाले. त्यांपैकी एक त्यांनी मामांना दिला.

आता मूळ प्रश्न. अशा पेटीला दिवा कोणता लावावा?

नुसत्या माशांसाठी म्हणाल, तर कोणताही चालेल. परंतु समुद्रपुष्प आणि प्रवाळ यांची गोष्ट निराळी आहे. हे प्राणी असले, तरी त्यांच्या पेशींत झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवले राहतात. यजमानाने जागा द्यावी आणि पाहुण्याने उन्हावर अन्न शिजवून त्याला वाढावे, असा हा व्यवहार आहे. अनेक प्रवाळांना लागणाऱ्या ऊर्जेचा फार मोठा भाग या शैवलांकडून मिळतो. म्हणून अशा पेटीत दिवा ही शोभेची वस्तू राहत नाही. तो स्वयंपाकघरातला विस्तव होतो. विस्तव विझला तर उपासमार, आणि भडकला तर घर जळते.

हा विस्तव कोणत्या रंगाचा हवा, हे समुद्राकडूनच शिकावे लागते. १९२१ साली इंग्लंडहून बोटीने परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भूमध्य समुद्राची निळाई पाहिली आणि ती केवळ आकाशाचे प्रतिबिंब नाही, पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे दाखवून दिले. दुसरी गोष्ट अशी की, पाणी तांबडा प्रकाश झपाट्याने शोषून घेते. दहा मीटर खोलीवर तांबडा रंग जवळजवळ नाहीसा होतो. निळा मात्र खोलवर पोहोचतो. आपल्या विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर आत, भर समुद्रात, आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ते ओळखले जाते. त्याचा माथाच सुमारे २० मीटर खोल आहे आणि तरीही तेथे प्रवाळ नांदतात. पाणी स्वच्छ असल्याने जो निळसर उजेड तेथे उतरतो, त्यावरच त्यांचा संसार चालतो. झूझँथेलींमधील रंगद्रव्ये निळा प्रकाश चांगला टिपतात, त्याचा हा उपयोग.

पेटीतल्या दीड फूट पाण्यात मात्र असे काही गाळले जात नाही. तेव्हा खोल समुद्राचा रंग दिव्यानेच आणला पाहिजे. मामांकडे पूर्वी गोड्या पाण्यातील वनस्पतींसाठी घेतलेली गुलाबी छटेची नळी होती. तिच्याखाली मासे फार सुंदर दिसत. पण समुद्रपुष्पासाठी ती अपुरी पडू लागली, म्हणून नवा दिवा घेण्याचे ठरले.

बाजारात मुख्यतः तीन पर्याय आढळतात. पहिला मेटल हॅलाइडचा. याचा प्रकाश प्रखर, आणि पाण्यातून जाताना उन्हासारखी सुंदर लहर उमटवणारा. परंतु २५० वॅटचा एक दिवा रोज आठ तास लावला, तर दिवसाला दोन आणि महिन्याला साठ युनिट वीज जाते. शिवाय पाणी तापते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे परवडणारे नाही. दुसरा पर्याय टी-फाइव्ह नळ्यांचा. ३९ वॅटच्या चार नळ्यांना महिन्याला सुमारे ३७ युनिट लागतात. यांचा उजेड पेटीभर सारखा पसरतो, सावल्या कमी पडतात. पण नळी पेटत असली तरी तिचे तेज व रंग उतरत जातात, म्हणून साधारण वर्षाने त्या बदलाव्या लागतात. तिसरा पर्याय एल. ई. डी.चा. ज्या निळ्या एल. ई. डी.साठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले, तिनेच या छंदाचे रूप पालटले. निळा आणि पांढरा उजेड वेगवेगळा कमी-जास्त करता येतो, उष्णता बरीचशी वरच्या बाजूने निघून जाते, आणि ९० वॅटच्या दिव्याला महिन्याला २२ युनिटच्या आत भागते. आम्ही हाच घेतला.

येथे दिवा घेणाऱ्याची एक फसगत होते. खोक्यावर वॅट आणि ल्यूमेन हे आकडे मोठ्या अक्षरांत असतात. वॅट म्हणजे वीज किती खाल्ली, एवढेच. आणि ल्यूमेन किंवा लक्स हे माप माणसाच्या डोळ्यावरून ठरवलेले आहे. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट उजेड सर्वांत तेजस्वी भासतो, निळा मंद भासतो. शैवलाचे नेमके उलटे आहे. म्हणून जो दिवा आपल्याला अंधूक वाटतो, तो त्या जिवाला भरपूर असू शकतो. यासाठी वेगळे माप आहे; त्याला पार म्हणतात. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील किती प्रकाशकण एका सेकंदात एक चौरस मीटरवर पडतात, हे ते मायक्रोमोलमध्ये मोजते. भर दुपारच्या उष्ण कटिबंधातील उन्हाचा आकडा सुमारे २००० असतो. पेटीतील मऊ शरीराच्या पुष्कळ जातींना ५० ते १५० पुरतात. उथळ, लख्ख पाण्यातील फांद्यांच्या प्रवाळांना २०० ते ३५० लागतात. समुद्रपुष्पाची गरज साधारण या दोहोंच्या मधली.

हे सारे मला आज ठाऊक आहे. गेल्या चैत्रात नव्हते.

नवा दिवा आला आणि आठवड्याभरात मांगीरबाबांची यात्रा आली. घर पाहुण्यांनी भरले. मामांची दुसरी पाळी. ते रात्री साडेअकराला परतत. पेटी माझ्या हवाली होती. पाहुण्यांना समुद्र नीट दिसावा म्हणून मी दिवा पूर्ण तेजावर केला आणि सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत तसाच ठेवला. ऊन मी म्हणत होते. पेटीतले पाणी ३१ अंशांवर गेले होते. दुसऱ्या दिवशी समुद्रपुष्प आपल्या पायाच्या चकतीवर सरकत सरकत दगडाच्या कपारीत शिरले. पाहुण्यांची मुले हिरमुसली. मी बाह्या सरसावल्या आणि त्याच्या वरचा दगड उचलून बाजूला ठेवला.

आठवड्याभरात ते पांढरे पडले. मलमलीच्या चिंधीसारखे. मासे त्याच्याभोवती घिरट्या घालीत, पण आत शिरत नसत.

मामा रागावले असते तर बरे वाटले असते. ते पेटीसमोर बसले, दिवा मंद केला आणि म्हणाले, “अगं, ते सावलीत गेलं होतं. तू सावलीच काढून घेतलीस.”

घडले ते असे. उष्णता आणि अतिप्रकाश एकत्र आले की शैवलांची यंत्रणा बिघडते, त्यातून यजमानाला घातक द्रव्ये तयार होतात आणि तो आपल्या अन्नदात्यालाच बाहेर घालवतो. रंग जातो तो त्यामुळे. १९९८, २०१६ आणि २०२४ या वर्षी जगातील प्रवाळभित्ती ज्या विरंजनाने पांढऱ्या पडल्या, त्याचेच हे घरगुती रूप. समुद्रात त्याला तापलेले पाणी कारण होते. आमच्या घरी मी.

मग पुण्याच्या त्या गृहस्थांच्या सल्ल्याने उपाय सुरू केले. दगड जागेवर गेला. दिवा पाचव्या हिश्श्यावर आणि रोज सहाच तास. पाण्यावर छोटा पंखा, म्हणजे बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. आठवड्यातून दोनदा चिमट्याने कोळंबीचा कण. ते गृहस्थ पार मोजण्याचे यंत्र घेऊन आले, तेव्हा कळले की एकाच पेटीत दिव्याखाली आणि कोपऱ्यात चौपटीहून अधिक फरक होता. तेज दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत नेले. श्रावणात एके सकाळी टोकांवर तपकिरी छटा दिसली. मामा पहिल्या पाळीला निघाले होते. ते बूट घातलेलेच परत आत आले आणि वाकून पाहत राहिले.

आता आमचा नेम असा: दिवसाला आठ-नऊ तास, तेही घड्याळी बटणावर, सकाळ-संध्याकाळ नुसता निळा उजेड, मधले काही तास पूर्ण. वीज गेली तर दिव्याची काळजी नाही, एखादा ढगाळ दिवस समुद्रातही असतोच. इन्व्हर्टर आधी पाण्याच्या पंपाला जोडावा, कारण प्राणवायूवाचून मासे तग धरत नाहीत.

एक सूचना दिवा घेण्याआधीच करावयास हवी. दिवा उत्तम मिळाला की खऱ्या प्रवाळाचा मोह होतो; मामांनाही झाला होता. परंतु भित्ती बांधणारे सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे इत्यादी २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. कोणी विकायला आणले तरी घेऊ नयेत. इतर जिवांबाबतही वनखात्याकडे आधी चौकशी करावी. प्रवाळ पाहायचेच असतील, तर मालवण आहे. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य झाले. पुढच्या सुटीत मामा आम्हांला तेथे नेणार आहेत.

तूर्त दिवा आपला मंद निळा जळत असतो. पाहुणे म्हणतात, उजेड थोडा वाढव, नीट दिसत नाही. मी त्यांना खुर्ची पुढे ओढून देते.