रिकाम्या कुपीतला निरोप

माझ्या हातातली कुपी रिकामीच वाटते. तळाशी फक्त १० मायक्रोग्रॅम भुकटी आहे, इंटरल्यूकिन-२ नावाचं प्रथिन. एका पेशीनं दुसरीला धाडलेला ‘वाढ’ हा निरोप! १९७६मध्ये तो ओळखला गेला, तेव्हा पेशी वाढवलेल्या द्रवातून तो मिळवावा लागे. १९८३मध्ये जपानच्या तादात्सुगु तानिगुचींच्या गटानं त्याचं मानवी जनुक वेगळं केलं. आता ते जनुक ई. कोलाय जिवाणूत घालतात. विरजण लागावं तसे जिवाणू रातोरात वाढतात आणि १३३ अमिनो आम्लांची माळ ओवतात. पण या माळेची घडी चुकते. ती उलगडून पुन्हा नीट घालावी लागते.

उघडण्याआधी मी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवते, नाहीतर भुकटी झाकणालाच चिकटून राहते. निरोप मिळाला की टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, भराभर वाढतात. एकदा मी तो द्यायला विसरले. सोमवारी ताटलीत मेलेल्या पेशींचा गाळ होता.