टेंगूळ, बॉस आणि गणिताचे डोके

येवला तालुक्यातील अंकाई-टंकाईच्या डोंगरात जैन लेणी आहेत. त्यांतील एका लेण्याच्या छतावर मोठे कमळ कोरलेले आहे. युरोपातील जुन्या चर्चमध्येही छताच्या दगडी फासळ्या जेथे एकत्र येतात, तेथे फुलाच्या किंवा चेहऱ्याच्या आकाराचा कोरीव गोळा असतो. इंग्रजीत त्याला 'बॉस' म्हणतात. वर्गात हे सांगितले की मुले हसणारच: साहेबाला म्हणतात तोच का हा बॉस?

तो नव्हे. साहेब या अर्थाचा बॉस मूळचा डच. 'बास' म्हणजे मालक. अमेरिकेतील डच वसाहतींतून तो इंग्रजीत आला. छतावरचा बॉस मात्र फ्रेंच आहे. फ्रेंचमध्ये डोके आपटल्यावर येणारे टेंगूळ, पाठीचे कुबड, उंटाच्या पाठीवरचा उंचवटा, सगळ्यांना हा एकच शब्द चालतो. आपण मात्र बैलाचे वशिंड वेगळे ठेवतो आणि टेंगूळ वेगळे.

इंग्रजीने हा शब्द मध्ययुगात उचलला आणि निरनिराळ्या व्यवसायांना वाटून दिला. ढालीच्या मध्यावरचा फुगवटा म्हणजे बॉस. पंपाच्या ओतीव झाकणावर बोल्टच्या भोकाभोवती धातू जाड ठेवतात, तोही बॉस. आफ्रिकी रानम्हशीच्या शिंगांची बुडे कपाळावर एकत्र येऊन जी ढाल बनते, तीही. कागदावर उठाव आणणे म्हणजे 'एम्बॉस' करणे. ब्रेलचे ठिपके असेच उठवलेले असतात. याच शब्दाच्या उत्तर फ्रान्समधील रूपावरून इंग्रजीत 'बॉच' म्हणजे गळू हा शब्द आला. तो 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये आढळतो.

भूशास्त्रातील अर्थ जरा जपून वापरावा. शिलारस जमिनीखालीच थिजतो, वरचे खडक झिजतात आणि साधारण गोल आकाराचा कठीण भाग उघडा पडतो; तो बॉस. अंकाईचा डोंगर दुरून तसा वाटला तरी तो बॉस नाही. तो लाव्हाच्या आडव्या थरांचा बनलेला असून आजूबाजूचे थर झिजल्यावर उरलेला आहे.

फ्रेंचांनी या शब्दाचा आणखी एक वापर केला. एखाद्याला गणित सहज जमत असेल, तर त्याला 'गणिताचे टेंगूळ' आहे असे ते म्हणतात. हा वाक्प्रचार फ्रान्झ गाल (1758–1828) या वैद्याच्या मतांतून आला. मेंदूत प्रत्येक गुणासाठी वेगळा अवयव असतो, तो वाढला की वरची कवटी फुगते, म्हणून कवटी चाचपून गुण ओळखता येतात, असे गाल सांगत असे. मेंदूच्या निरनिराळ्या भागांकडे निरनिराळी कामे असतात, एवढे त्याचे म्हणणे पुढे खरे ठरले. 1861 मध्ये ब्रोका यांनी वाचेशी संबंधित भाग दाखवून दिला. पण कवटीची जाडी जागोजागी बदलते. बाहेरच्या उंचवट्यावरून आतल्या मेंदूचा अंदाज येत नाही. त्यामुळे ही विद्या टिकली नाही, वाक्प्रचार टिकला.

आपणही 'याला गणिताचे डोकेच नाही' असे बोलून जातो, आणि तेही मुलादेखत. स्तानिस्लास दहान या फ्रेंच शास्त्रज्ञांनी संख्याज्ञानावरील आपल्या पुस्तकाला मुद्दाम 'गणिताचे टेंगूळ' हेच नाव दिले. लहान-मोठ्या संख्यांची ढोबळ जाणीव अगदी तान्ह्या बाळांतही असते, असे त्यात प्रयोगांच्या आधारे मांडले आहे.