वजनकांट्याची ओळख

जालना शहर कुंडलिका नदीच्या काठीं वसलेलें आहे. १ मे १९८१ रोजीं तें स्वतंत्र जिल्ह्याचें ठाणें झालें. परंतु व्यापारी पेठ म्हणून त्याची ख्याति त्याहून पुष्कळच जुनी. 'जालना सोन्याचा पाळणा' ही म्हण मराठवाड्यांत अजून ऐकूं येते. आज या पेठेंत मोसंबी येते, धान्य येतें, बियाण्यांचीं पोतीं येथून बाहेर पडतात, आणि लोखंडाच्या कारखान्यांत भंगार जाऊन सळया निघतात. माल कोणताहि असो, त्याला एका दारांतून जावेंच लागतें. तें दार म्हणजे वजनकांटा. भरलेली गाडी एकदां तोलावयाची, रिकामी झाल्यावर पुन्हां तोलावयाची, आणि दोहोंची वजाबाकी तें मालाचें वजन. शेतकऱ्याच्या वर्षाच्या कष्टांचा हिशेब या वजाबाकींत असतो.

हा कांटा आतां बहुतेक ठिकाणीं संगणकाला जोडलेला असतो. पोलादी फलाटाखालचे लोडसेल वजनाचें रूपांतर विजेच्या सूक्ष्म संकेतांत करतात, खिडकींतील दर्शक तो आंकडा दाखवितो, आणि तेथून निघालेली तार संगणकांत जाऊन पावती छापविते. कल्पना करावी कीं, एका गोदामांत असे दोन कांटे आहेत, एक आंत येणाऱ्या गाड्यांसाठीं व एक बाहेर जाणाऱ्या गाड्यांसाठीं, आणि दोहोंच्या तारा एकाच संगणकांत गेल्या आहेत. रात्रीं वीज गेली. सकाळीं संगणक पुन्हां सुरू झाला. दोन्ही दर्शकांवरील आंकडे अचूक आहेत, वैधमापन खात्याचा शिक्काहि शाबूत आहे. तरी पहिल्या कांट्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या पावतीवर दुसऱ्या कांट्यावरील मालमोटारीचें वजन उमटलें! कोणी चोरी केली नाहीं, कांहीं मोडलें नाहीं. रात्रींतून फक्त दोन नांवांची अदलाबदल झाली.

हें कसें घडतें तें समजण्यासाठीं संगणक आपल्या उपकरणांना कसा ओळखतो तें पाहिलें पाहिजे. संगणकाचा सर्व कारभार ज्या आज्ञावलीकडे असतो तिला कार्यप्रणाली म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेली लिनक्स ही अशीच एक प्रणाली. मुख्यालय पुण्यास असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें भारतीय भाषांसाठीं तयार केलेली 'बॉस' ही प्रणालीहि लिनक्सच्याच कुळांतली. अशा प्रणालीचे दोन भाग असतात. आंतला भाग म्हणजे गाभा, अर्थात् कर्नेल. यंत्राच्या तारांना व घटकांना प्रत्यक्ष हात लावण्याचा अधिकार त्याचाच. बाहेरचा भाग म्हणजे वापरक्षेत्र. पावती छापणारी, पत्र लिहिणारी, चित्र दाखविणारी सर्व आज्ञापत्रें तेथें काम करतात. वाड्यांतील तिजोरीची खोली आणि कारकुनांची ओसरी यांत जो भेद, तोच येथें. ओसरीवर एखादा कारकून चुकला तर त्याचेंच काम अडतें; तिजोरींत गोंधळ झाला तर सारा वाडा बंद पडतो.

आंतल्या उपकरणाशीं बाहेरच्या आज्ञापत्रानें बोलावें कसें? अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनीं युनिक्स प्रणालीचें काम सुरू केलें. तींत या प्रश्नाचें उत्तर मोठें सोपें होतें: प्रत्येक उपकरणाला फाइलीचें रूप द्यावें. कागद वाचावा तसा कांटा वाचावा, कागदावर लिहावें तसें छापयंत्रावर लिहावें. या फाइली 'डेव्ह' नांवाच्या एका कप्प्यांत ठेवीत. प्रत्येकीच्या पाठीवर दोन आंकडे असत. पहिला उपकरणाची जात सांगे, दुसरा त्या जातींतला अनुक्रम. लिनक्सनें हीच रीत उचलली.

अडचण पुढें आली. कोणतें उपकरण केव्हां जोडलें जाईल हें ठाऊक नसल्यामुळें, संभाव्य अशा सर्वच उपकरणांचीं नांवें आधींच मांडून ठेवावीं लागत. कप्प्यांत हजारों नांवें, आणि त्यांतलीं बहुतेक ज्यांची आहेत तीं उपकरणें संगणकाला कधींच न जोडलेलीं! शिवाय त्या दोन आंकड्यांना प्रत्येकीं २५६ च मूल्यें घेतां येत. डिसेंबर २००३ मध्यें निघालेल्या २.६ या आवृत्तींत ही मर्यादा पहिल्यासाठीं ४,०९६ व दुसऱ्यासाठीं १०,४८,५७६ इतकी वाढली. तत्पूर्वीं २.४ या आवृत्तींत रिचर्ड गूच यांची 'डेव्हएफएस' ही योजना आली होती. तिनें फक्त हजर उपकरणांचींच नांवें कप्प्यांत ठेवलीं, हें खरें. पण नांव काय ठेवावें हेंहि गाभ्यांतच ठरूं लागलें. तिजोरी सांभाळणाऱ्यानें घरांतील मुलांचीं बारशींहि करावींत, तसा हा प्रकार झाला.

ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनीं २००३ सालीं ओटावा येथील लिनक्स परिषदेंत वेगळी वाट मांडली. तिचें नांव 'यूडेव्ह'. गाभ्यानें एवढेंच सांगावें कीं, अमुक उपकरण आलें, त्याचे गुणधर्म हे. त्याला काय म्हणावयाचें, तें कोणाला वापरूं द्यावयाचें, हें बाहेरच्या क्षेत्रांतील एका आज्ञापत्रानें नियम वाचून ठरवावें. नियम बदलावयाचा झाला तर गाभ्याला धक्का लावण्याचें कारण नाहीं. ही विभागणी टिकली. २००६ सालीं डेव्हएफएस गाभ्यांतून काढून टाकण्यांत आलें, आणि २०१२ पासून यूडेव्ह हा 'सिस्टिमडी' या मोठ्या व्यवस्थेचा भाग झाला.

आतां एक उपकरण यूएसबीच्या खांचेंत घातलें तर काय काय होतें तें क्रमानें पाहावें. तारेवरील विजेच्या दाबांत फरक पडतो. त्यावरून पाहुणा आल्याचें गाभ्याला कळतें. गाभा त्याला तात्पुरता पत्ता देतो आणि 'तूं कोण?' असें विचारतो. उपकरण उत्तरादाखल दोन आंकडे देतें: एक बनविणाऱ्या कंपनीचा, एक त्या वस्तूच्या नमुन्याचा. प्रत्येक आंकडा ० ते ६५,५३५ यांमधला. कांहीं उपकरणें याशिवाय आपला स्वतंत्र अनुक्रमांकहि सांगतात. गाभा ही माहिती 'सिसएफएस' नांवाच्या दप्तरांत मांडतो व बाहेर वर्दी देतो. यूडेव्ह ती वर्दी ऐकतो, योग्य तो चालक, म्हणजे ड्रायव्हर, मागवितो, आणि नियमांच्या फाइली नांवांच्या क्रमानें वाचूं लागतो. जो नियम लागू पडेल त्याप्रमाणें तो उपकरणाला टोपणनांव देतो व वापराची परवानगी ठरवितो. गाभ्यानें ठेवलेलें मूळ नांव मात्र तसेंच राहतें.

कांट्यांचा घोटाळा याच मूळ नांवांत आहे. कांट्याच्या दर्शकाची तार पुष्कळदां जुन्या आरएस-२३२ पद्धतीची असते. नव्या संगणकाला तशी खांच नसल्यामुळें मध्यें यूएसबीचा परिवर्तक बसवितात. असे दोन परिवर्तक आले कीं गाभा त्यांना 'टीटीवाययूएसबी-शून्य' व 'टीटीवाययूएसबी-एक' म्हणतो. शून्य कोण व एक कोण हें केवळ आधीं कोण सांपडला यावर ठरतें. हा क्रम रोज तोच राहील अशी हमी कोणीच देत नाहीं. रांगेंतील जागेवरून माणूस ओळखण्यासारखेंच हें. उद्यां रांग बदलली कीं ओळख चुकली.

यावर उपाय दोन, आणि दोहोंचे गुणदोष निरनिराळे. परिवर्तकाला स्वतःचा अनुक्रमांक असेल तर नियम असा लिहावा: 'ज्याचा अनुक्रमांक अमुक, त्याला आवक-कांटा म्हणावें.' मग तो कोणत्याहि खांचेंत घातला तरी नांव चुकत नाहीं. मात्र परिवर्तक जळून नवा आणला कीं नियमहि नवा लिहावा लागतो. स्वस्त परिवर्तकांपैकीं कित्येकांना अनुक्रमांकच नसतो; दोन सारखे घेतले तर जुळ्या भावांसारखे दोघेहि एकच उत्तर देतात. अशा वेळीं खांचेवरून ओळखावें लागतें: 'जो या खांचेंत, तो आवक-कांटा.' येथें परिवर्तक बदलला तरी चालतें. पण झाडलोट करतांना कोणी तारा काढून उलट घातल्या कीं घोटाळा पुन्हां हजर. म्हणून नियमाबरोबर खांचेवर ठळक अक्षरांत चिठ्ठीहि चिकटवावी. संगणकांतील तबकड्यांनाहि याच कारणानें प्रत्येकीची स्वतंत्र खूण पाहून ओळखतात, आणि २०१३ पासून जाळ्याच्या जोडण्यांना त्यांच्या जागेवरून नांव देण्याची रीत पडली.

एक सावधगिरी मात्र विसरूं नये. उपकरण जें सांगतें त्यावरच ही सारी ओळख उभी आहे, आणि उपकरण खोटेंहि बोलूं शकतें. साधी स्मरणकांडी आपण कळफलक असल्याचें भासवूं शकते, हें २०१४ सालीं कार्स्टन नोल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रयोगानें दाखविलें. नांव म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. अनोळखी कांडी खांचेंत न घालणें हा शहाणपणा कोणताहि नियम आपल्याऐवजीं दाखवीत नाहीं.

वैधमापनाचा शिक्का कांटा खरा आहे एवढें सांगतो. त्या कांट्याचाच आंकडा पावतीवर आला कीं नाहीं, हें तो सांगत नाहीं. तें पाहण्याची रीत साधी आहे. दोन्ही तारा काढाव्या, उलट क्रमानें पण आपापल्या खांचेंतच पुन्हां जोडाव्या, संगणक बंद करून सुरू करावा, आणि एका कांट्यावर ठाऊक वजनाची गाडी उभी करून पावती कोणत्या नांवाची निघते तें पाहावें. पावती बरोबर निघाली, तर नियम बरोबर. चार घटकांचें हें काम. पण खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला आपल्या मालाचें वजन आपल्याच नांवावर मिळेल कीं नाहीं, तें या कामावर अवलंबून असतें.