पावसाळ्यापूर्वी तुषार सिंचन संच काढून ठेवताना

उन्हाळी भुईमुगाची काढणी झाली की तुषार संचाचे काम थांबते. अनेक ठिकाणी पाइप बांधावर आणि नोझल खतांच्या पोत्यांजवळ, अशा अवस्थेत संच रब्बीपर्यंत पडून राहतो. मग हरभऱ्याला पाणी देण्याच्या दिवशीच सांधे गळू लागतात, काही नोझल फिरत नाहीत. भारी जमिनीत हरभऱ्याला 30 ते 35 आणि 60 ते 65 दिवसांनी अशा पाण्याच्या दोनच पाळ्या महत्त्वाच्या असतात. त्यातील एक दुरुस्तीमुळे लांबली, तर त्याचा फटका थेट घाट्यांना बसतो. म्हणून संच काढतानाच पुढील कामे उरका.

दोष चालू संचात शोधा

पाइप सुटे केल्यावर कोणता सांधा गळत होता, हे कळत नाही. त्यामुळे शेवटच्या पाळीला संच चालू असतानाच शेतातून फेरी मारा. गळणारे सांधे, अडखळणारे नोझल आणि चिरलेले पाइप यांवर रंगाने खूण करा.

त्यानंतर पंप बंद करून मुख्य पाइपचे शेवटचे टोपण काढा. पंप पुन्हा सुरू करून स्वच्छ पाणी येईपर्यंत गाळ वाहू द्या. याच पद्धतीने लॅटरलही धुवा. संचातून खत दिले असेल, तर हे काम टाळू नका.

नोझल

अडकलेला कचरा काडीने काढा. तार किंवा खिळा घातल्यास छिद्र मोठे होते. छिद्राच्या मूळ मापाचे ड्रिल बिट हाताने घालून पाहा. ते सैल बसले, तर नोझल झिजले आहे असे समजून बदला. 4 मि.मी. छिद्र 4.4 मि.मी. झाले, तर त्याचे क्षेत्रफळ 21 टक्क्यांनी वाढते. तेथे पाणी जास्त पडते, संचातील दाब घटतो आणि पाणी असमान पसरते.

फिरणाऱ्या भागाला तेल किंवा ग्रीस लावू नका. हे भाग पाण्यावरच फिरतात. तेलाला माती चिकटून ते जाम होतात.

रबरी रिंगा

रिंगा काढून साध्या पाण्याने धुवा, सावलीत सुकवा आणि डब्यात ठेवा. खिळ्याला टांगल्यास त्यांचा आकार बिघडतो. ग्रीस व डिझेलमुळे रबर फुगते. चिरलेल्या, कडक झालेल्या रिंगा लगेच बाजूला काढा.

पाइप

पाइप आतून निथळू द्या आणि सावलीत, जमिनीपासून उंचावर रचा. फक्त दोन टोकांना आधार दिल्यास एचडीपीई पाइप मध्ये वाकतो, म्हणून आधार जवळजवळ द्या. फार उंच थप्पी लावू नका, खालचे पाइप चपटे होतात. उंदीर आत शिरू नयेत यासाठी तोंडांना जाळी बांधा. खते आणि पाइप एकत्र ठेवू नका.

पंप आणि फिल्टर

फिल्टरची जाळी धुऊन फाटली आहे का, ते पाहा. विहिरीच्या टप्प्यावर किंवा ओढ्याकाठी उघडा पंप असेल, तर पाणी चढण्यापूर्वी तो वर घ्या. त्याआधी मुख्य वीजपुरवठा बंद करा. पंपातील पाणी काढून टाका आणि मोटर कोरड्या जागी ठेवा.

लागणाऱ्या सुट्या भागांची यादी मापासह आताच लिहून ठेवा. रब्बीच्या तोंडावर सर्वांचीच मागणी येते आणि हवे ते माप वेळेवर मिळतेच असे नाही. पेरणीपूर्वी संच एकदा जोडून चालवून पाहा. गावात अनेक संच असतील, तर कृषी सहायकांनी ही तपासणी एखाद्या शेतावर सर्वांसमोर करून दाखवावी.