घरातील संगणक आणि युनिक्सचे घराणे

मुंबईलगतच्या मीरा-भाईंदर शहरातील बेव्हर्ली पार्कसारख्या वसाहतींत संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मुलांचा अभ्यास, विजेच्या बिलाचा भरणा, गृहनिर्माण संस्थेचे इतिवृत्त अशी नानाविध कामे त्यावर होतात. तथापि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीचे नियमित सुरक्षा-साहाय्य समाप्त झाले. घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास एका वर्षाची वाढीव मुदत देऊ करण्यात आली. परंतु अनेक जुने संगणक ‘विंडोज ११’च्या अटींत बसत नाहीत. असे सुस्थितीतील यंत्र मोडीत काढावे काय? या प्रश्नाचा विचार करताना युनिक्स घराण्यातील प्रणालींचा परिचय करून घेणे अगत्याचे ठरते.

संचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, ही संगणकाची कारभारीण होय. स्मृती, कळफलक, प्रिंटर व फाइली यांची व्यवस्था तीच पाहते. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन, डेनिस रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्सची उभारणी सुरू केली. १९७३ मध्ये ती ‘सी’ भाषेत नव्याने लिहिली गेली आणि भिन्न बनावटीच्या यंत्रांवर नेणे सुकर झाले. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच धर्तीवर, परंतु स्वतंत्रपणे, लिनक्सचा गाभा लिहिला. ॲपलची मॅकओएस याच घराण्यातील आहे. इतकेच नव्हे, तर अँड्रॉइड मोबाइलचा गाभाही लिनक्सचाच आहे.

एकच यंत्र अनेकांनी वापरावे, ही युनिक्सची मूळ कल्पना. गृहनिर्माण संस्थेत प्रत्येकाकडे आपापल्या सदनिकेची किल्ली असते. पाण्याच्या टाकीची व लिफ्टच्या खोलीची किल्ली मात्र जबाबदार व्यक्तीकडेच राहते. त्याचप्रमाणे येथे प्रत्येक फाइलीस मालक असतो व ती कोणी वाचावी, बदलावी वा चालवावी हे ठरलेले असते. मूळ व्यवस्थेत फेरफार करण्याचा अधिकार ‘रूट’ या प्रमुख खात्यास असतो. मुलाच्या हातून चूक झाली, तरी सहसा त्याच्याच फाइलींपुरती ती मर्यादित राहते. एका संगणकावर चौघे काम करणाऱ्या कुटुंबास ही रचना सोयीची आहे.

उबुंटू, डेबियन, मिंट ही लिनक्सची प्रचलित रूपे विनामूल्य मिळतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली २००७ मध्ये उपलब्ध केली. तीत मराठीचीही सोय आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे मराठी पाठ आहेत. केरळमधील सरकारी शाळांनी तर मुक्त प्रणालींचा स्वीकार फार पूर्वीच केला आहे.

मर्यादाही ध्यानी घेतल्या पाहिजेत. विंडोजसाठीच बनविलेले हिशेबाचे वा चित्रकामाचे काही कार्यक्रम येथे सरळ चालत नाहीत. काही प्रिंटर व डिजिटल स्वाक्षरीची टोकने अडचण करतात. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मराठी मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. पत्रव्यवहार, इंटरनेट, चित्रफिती व शालेय अभ्यास एवढीच गरज असेल, तर मात्र लिनक्स पुरेसे आहे. पत्रव्यवहार व तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस मराठीतूनही वापरता येते.

बदल घाईने करू नये. प्रथम सर्व कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. नंतर लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन, संगणकात कायम न बसविता, काही दिवस चालवून पाहावे. ध्वनी, वायफाय, प्रिंटर व मराठी कळफलक यांची खात्री पटल्यावरच निर्णय घ्यावा. शाळा व ग्रामपंचायतींनीही एखाद्या जुन्या संगणकावर हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. यंत्र जुने झाले, म्हणून ते निकामी झालेच असे नव्हे. योग्य कारभारीण लाभल्यास ते आणखी काही वर्षे सेवा देऊ शकते.