बंदुकीचा आवाज आणि काडतुसाची निवड



यंत्रांच्या गोंगाटात राबणाऱ्या माणसांची संघटना बांधण्यात माझे आयुष्य गेले. त्यामुळे आवाज कोठून निघतो, कशाने वाढतो आणि कोणाला भोवतो, ह्याचा विचार मला कामानेच शिकवला. आज तो विचार एका निराळ्या यंत्राला लावून पाहू. ते यंत्र म्हणजे पॉइंट टू-टू रायफल. आपल्यापैकी ज्यांनी एन. सी. सी.चा गणवेश घातला, त्यांच्या हातात ती कधी तरी आली असेल. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे ह्यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, तेही ह्याच जातीच्या काडतुसावर.

ह्या रायफली हाताने बोल्ट ओढून भरायच्या असतात. आजचा प्रश्न अर्धस्वयंचलित रायफलीचा आहे. तीत चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते, रिकामी पुंगळी आपोआप बाहेर फेकली जाते आणि मॅगझीनमधले पुढचे काडतूस आपोआप आत बसते. अमेरिकेतील रुगर कंपनीची १९६४ साली निघालेली १०/२२ ही ह्या जातीची सर्वांत प्रसिद्ध रायफल. अशा रायफलीसाठी कमी आवाजाचे काडतूस निवडायचे तर कसे निवडावे?

हा प्रश्न मूळचा आपल्याकडचा नव्हे. येथे १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. हा प्रश्न पडतो तो इंग्लंडातील किंवा न्यूझीलंडमधील शेतकऱ्याला. न्यूझीलंडात ससा मूळचा नव्हता. एकोणिसाव्या शतकात युरोपीय वसाहतवाल्यांनी तो नेला आणि तो कुरणे फस्त करू लागला. हंगरफर्ड येथील १९८७ च्या हत्याकांडानंतर ब्रिटनने १९८८ साली अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी घातली, आणि क्राइस्टचर्च येथील २०१९ च्या हत्याकांडानंतर न्यूझीलंडनेही घातली. पण दोन्ही देशांनी .२२ रिमफायर ह्या लहान जातीला त्या बंदीतून वगळले. न्यूझीलंडने मॅगझीनला दहा काडतुसांची मर्यादा घातली. शेजाऱ्याची झोप मोडू नये, गुरे बुजू नयेत, एका आवाजासरशी सगळे ससे बिळात पळू नयेत, म्हणून हा शेतकरी कमी आवाजाचे काडतूस शोधतो.

आधी काडतूस समजून घेऊ. फ्रान्समधील फ्लोबेर ह्या कारागिराने १८४५ च्या सुमारास रिमफायर काडतूस काढले. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन ह्यांनी १८५७ साली .२२ शॉर्ट आणले, आणि १८८७ साली स्टीव्हन्स कंपनीने आजचे .२२ लाँग रायफल हे काडतूस तयार केले. पुंगळीच्या बुडाची कडा पोकळ असते व तीत ठोक्याने पेटणारे मिश्रण भरलेले असते. पिन त्या कडेवर आदळली की ठिणगी दारूला लागते आणि वायू गोळीला पुढे ढकलतो. कडा मऊ व पातळ ठेवावी लागते, म्हणून ह्या काडतुसात फार मोठा दाब चालत नाही. त्याचा साधेपणा आणि सौम्यपणा दोन्ही ह्या कडेतून आले आहेत.

आता आवाजाकडे वळू. आपण ज्याला बंदुकीचा एक आवाज म्हणतो, तो खरे म्हणजे तीन आवाजांचा मिळून झालेला असतो. पहिला नळीच्या तोंडाचा. गोळी बाहेर पडली की तिच्यामागचा कोंडलेला वायू एकदम मोकळा होतो, आणि तो धमाका आपण ऐकतो. दुसरा यंत्राचा: बोल्ट मागे जातो, पुढे येतो आणि लोखंडावर लोखंड आदळते. तिसरा आवाज गोळीचा स्वतःचा. पोतराज आसूड ओढतो तेव्हा अंगावर पडण्याआधीच हवेत फटकारा निघतो. त्या वेळी आसुडाचे टोक ध्वनीपेक्षा जास्त वेगाने जात असते. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने गेली की तोच फटकारा तिच्या सगळ्या वाटेवर, वेग उतरेपर्यंत, निघत राहतो. नळीच्या तोंडावर सायलेन्सर बसवला तर पहिला आवाज बराच उतरतो. पण ह्या तिसऱ्याला तो काही करू शकत नाही, कारण तो नळीच्या पुष्कळ पुढे, मोकळ्या हवेत जन्म घेतो. तो टाळायचा तर गोळीच हळू सोडली पाहिजे.

किती हळू? वीस अंश सेल्सिअसला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे ११२५ फूट असतो. हवा तापली की तो वाढतो आणि गारठली की उतरतो. शून्य अंशाला तो ३३१ मीटर, म्हणजे १०८७ फुटांच्या आसपास येतो. सी. सी. आय. ह्या अमेरिकन कंपनीचे मिनी-मॅग हे ४० ग्रेन वजनाच्या गोळीचे काडतूस सेकंदाला १२३५ फुटांनी जाते. ते उघडपणे ध्वनीच्या पुढे आहे. त्याच कंपनीचे स्टँडर्ड काडतूस १०७० फुटांचे आहे. ते साधारण हवेत ध्वनीच्या मागे राहते. पण हिवाळ्यातील पहाटे, पाणी गोठण्याच्या थंडीत, अंतर थोडेच उरते आणि एखादी जोराची गोळी फटकारा देऊन जाते. म्हणून खोक्यावरचा आकडा वाचताना हवामानही लक्षात घ्यावे.

येथवर हिशेब सोपा आहे: गोळी हळू करा, आवाज कमी होईल. अडचण येते ती अर्धस्वयंचलित यंत्रात. ह्या रायफलीचा बोल्ट कुलूप लावून बंद केलेला नसतो. बोल्टचे वजन आणि मागची स्प्रिंग, एवढ्यावरच तो मिटलेला राहतो. वायू जसा गोळीला पुढे ढकलतो, तसाच पुंगळीच्या बुडाला मागे ढकलतो, आणि त्या धक्क्यावर बोल्ट मागे जाऊन सगळे काम उरकतो. म्हणजे गोळीचा वेग, आवाज आणि यंत्राची हालचाल ह्या तिघांचा खर्च दारूच्या एकाच थैलीतून निघतो. आवाज कमी करण्यासाठी थैलीच लहान केली, तर यंत्राच्या वाट्याला काय उरणार? कारखान्यात वेतनाची बोलणी करणाऱ्याला हे गणित समजावून सांगावे लागत नाही.

हा धक्का गोळीच्या नुसत्या वेगावर अवलंबून नसतो. तिचे वजन आणि वेग ह्यांच्या गुणाकारावर असतो. वायूचा स्वतःचाही थोडा भाग त्यात असतो. तुलनेपुरता तो बाजूला ठेवू. ग्रेनला फुटांनी गुणून पाहा. मिनी-मॅगचा गुणाकार येतो ४९,४००. स्टँडर्डचा येतो ४२,८००. सी. सी. आय.च्या क्वाएट-२२ मध्ये गोळी तीच ४० ग्रेनची, पण वेग अवघा ७१० फूट, गुणाकार २८,४००. एवढ्या धक्क्यावर बहुतेक अर्धस्वयंचलित रायफलींचा बोल्ट पुरता मागे जात नाही. त्याच कंपनीने अर्धस्वयंचलित रायफलींसाठी मुद्दाम निराळे क्वाएट काढले. त्यात गोळी ४५ ग्रेनची आणि वेग ८३५ फूट. गुणाकार ३७,५७५. वेग ध्वनीच्या पुष्कळ खाली आहे आणि यंत्राला मजुरीही मिळते. वजन वाढवून वेग उतरवायचा, हीच येथली तडजोड.

मग गोळी आणखी जड का करू नये? मेक्सिकोच्या आगिला कंपनीने तेही केले. तिच्या स्नायपर सबसॉनिकमध्ये ६० ग्रेनची गोळी ९५० फुटांनी जाते. गुणाकार ५७,०००, म्हणजे मिनी-मॅगहूनही जास्त. परंतु येथे दुसरी अडचण उभी राहते. नळीच्या आतील पेच गोळीला गिरकी देतात, आणि .२२ च्या नळीत साधारण १६ इंचांत एक फेरा असतो. ६० ग्रेनची लांब गोळी एवढ्या गिरकीने नीट सावरत नाही. ती डोलते, कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक पाडते आणि नेम चुकतो. चुकलेली गोळी कोठे जाईल ते कोणी सांगावे?

तेव्हा निवड करणाऱ्याने असे करावे. खोक्यावर वेग आणि वजन दोन्ही पाहावे. वेग १०८० फुटांच्या आत असावा, आणि गुणाकार फार खाली गेलेला नसावा. आरंभ स्टँडर्डपासून करावा. तेवढ्यावर पुष्कळशा रायफली नीट चालतात. त्याहून शांत हवे असेल तर यंत्रासाठी म्हणून बनवलेले जड काडतूस घ्यावे. मात्र एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन रायफलींचा स्वभाव सारखा असेलच असे नाही. म्हणून दोन-तीन प्रकारची एकेक पेटी आणून, परवाना असलेल्या मैदानावर, मॅगझीन भरून पाहावे. पुंगळी लांब पडते की दारातच अडकून उभी राहते, पुढचे काडतूस सरळ बसते की नाही, आणि भोके एकत्र पडतात की विखुरतात, हे पाहावे. रायफल साफ असावी. ह्या काडतुसांची काजळी, मेण आणि शिसे बोल्टच्या वाटेत साचतात, आणि थंडीत जाड तेल बोल्टला जड करते. दुबळ्या काडतुसाला एवढा अडथळाही पुरतो.

आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कधी कधी काडतुसात दारू कमी पडलेली असते किंवा ती नीट पेटत नाही, आणि गोळी नळीतच अडकून बसते. भरपूर धक्क्याच्या काडतुसात हे सहसा लगेच कळते, कारण आवाज दबतो आणि बोल्ट हलत नाही. यंत्र स्वतःच काम थांबवून इशारा देते. पण फार शांत काडतूस वापरणाऱ्याचा बोल्ट एरव्हीही हलत नाही. तो दर वेळी हाताने ओढायची त्याला सवय लागते, आणि तो इशारा त्याच्या दृष्टीने नाहीसा होतो. अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी सुटली तर नळी फुगते, फाटते, हाताडोळ्याला इजा होते. म्हणून जरा वेगळा आवाज आला की थांबावे, रायफल रिकामी करावी आणि नळी मोकळी असल्याची खात्री करून घ्यावी. चाप ओढूनही काही घडले नाही, तर नळीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट वाट पाहावी. जुना कामगार नुसत्या आवाजावरून यंत्राचे दुखणे ओळखतो. ज्याने आवाज कमी केला, त्याने कान आणखी तिखट ठेवले पाहिजेत.

कानाची गोष्ट निघालीच आहे, तर तीही सांगतो. साध्या .२२ रायफलीचा आवाजही क्षणापुरता १४० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो, आणि त्यापुढच्या क्षणिक आवाजाने कानाला कायमची इजा होऊ शकते. काडतूस शांत असले तरी कानात बोळे घालावेत, आणि मैदानावर पुंगळ्या वेचणाऱ्या, लक्ष्ये लावणाऱ्या नोकरालाही ते द्यावेत. नेमबाज तासभर येऊन जातो; तो नोकर दिवसभर तेथेच असतो. बहिरेपण एका दिवसात येत नाही, म्हणून त्याची तक्रारही वेळेवर होत नाही.

शेवटी एवढेच. आवाज उतरला म्हणून गोळी सौम्य झाली असे कोणी समजू नये. .२२ ची वेगवान गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते, आणि हळू गोळीही दगडावरून किंवा पाण्यावरून उसळून भलत्याच दिशेला जाते. मोठ्या आवाजाने निदान आसपासचा माणूस सावध होतो. शांत काडतूस तो सावधपणा काढून घेते, आणि तेवढी जबाबदारी चाप ओढणाऱ्याच्या बोटावर येते. ज्याला ती पेलवत असेल त्यानेच हे काडतूस निवडावे.